दुसरी वेणी

अमरावती, ता. ६ जानेवारी १९३७

चि. गं. भा. तानू हिस माणिकताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू अकोल्याला माझ्या घरी पोचलीस हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. इथे बायकांच्या इस्पितळात माझ्या खाटेच्या पायथ्याखाली विटा घातल्या आहेत. डोकं खाली, पाय वर. डॉक्टरीणबाई म्हणतात की जुळं आहे. मागच्या दोन खेपांसारखं हातचं जायला नको असेल तर बाळंत होईपर्यंत पाय जमिनीला लावायचा नाही. शेजारच्या खाटेवर परतवाड्याच्या रंगाऱ्याची बायको गुलनार आहे. ती मला उलटं टांगलेलं वटवाघूळ म्हणते.

पडल्या पडल्या मी मनानं घरभर हिंडते. माझ्या सखूला न्हाऊ कोण घालतं? ह्यांना भाकरी पातळ लागते, ठाऊक आहे ना? आणि एक सहज विचारते. मळ्यातली फुलं घरी आली की आमच्याकडे पहिली वेणी देवाची, दुसरी घरच्या बाईची, मगच टोपली बाजाराला जाते. माझी दुसरी वेणी हल्ली कुठे जाते?

तुझ्यावर माझा लोभ आहेच. तुला माझ्या घराचा फार लोभ न व्हावा.

तुझी,
माणिकताई


अकोला, ता. ११ जानेवारी

ती. सौ. ताईस तानूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. सखू आता माझ्याजवळच निजते. तुला दोष देत नाही, पण तिच्या डोक्यातल्या उवा दोन न्हाण्यांत गेल्या. भाऊजींना भाकरी आवडते. परवा म्हणाले की पोरीच्या हाताले चव हाय. तुझी मिठाची बरणी चुलीजवळ पाझरत होती, म्हणून मी ती वरच्या फळीवर नेली. तुझ्या सासूबाई तर आळीभर सांगत फिरतात की तानूचा पायगुण चांगला. नवरा गेल्यापासून माझ्या पायांना कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, ताई. ऐकून लाजायला झालं.

मळ्यात शेवंती फार आली आहे. तू घरची काळजी करू नकोस, स्वस्थ पडून राहा.

आहे तोच लोभ राहू द्यावा.

तुझी,
तानू


अमरावती, ता. २० जानेवारी

चि. गं. भा. तानू हिस आशीर्वाद. द्यायची रीत आहे म्हणून.

उवांचं कळलं, भाकरीचं कळलं, बरणीचं कळलं. वेणीचं तेवढं लिहायचं राहिलं! आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो असा. ती बरणी माझं लग्न झाल्यापासून चुलीजवळ आहे आणि पाझरत असली तरी माझी आहे.

काल सासूबाई संत्री घेऊन आल्या होत्या. सगळ्या खाटांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या की हिचं काही बरंवाईट झालंच तर दूर कावून पाहाचं, तानू घरातच हाय, आपल्यात विधवेचा पाट लागतेच. मी जिवंत असताना, तानू, माझ्या तोंडावर! आणि जाता जाता म्हणाल्या की मावशी वेणी माळून आरशापुढे उभी होती, असं सखू सांगून राहिली.

माझ्या पोटात दुखतं आहे, आणि ते डॉक्टरीणबाईंना दाखवण्यासारखं दुखणं नाही. येत्या रविवारी मी उठून गाडीत बसणार. मग व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे.

लोभाचं काय ते आल्यावर बोलू.

माणिक


अकोला, ता. २२ जानेवारी

ती. सौ. ताईस नमस्कार. तुला सखूची शपथ. आधी आडवी हो, मग पुढे वाच.

दुसरी वेणी भाऊजी स्वतः तुझ्या आरशाच्या खिळ्याला अडकवतात. रोज. सुकलेली काढून तुळशीत टाकायची, एवढंच माझ्याकडे. हे मी तुला आधीच लिहायला हवं होतं. लिहवलं नाही. त्या खिळ्याचा मला इतका हेवा वाटत होता की तुला सुख होईल असं एक वाक्यही हातून उतरेना.

हो, एकदा माळली. दार लोटून माळली, आणि तुझ्या नवऱ्यासाठी नाही. फुलं मी तोडायची, मी गुंफायची, आणि कपाळ पांढरं झाल्यापासून माझ्या केसांत एक पाकळी नाही. रिकाम्या खोलीतल्या खिळ्याला जे मिळतं ते मला नाही. सखू आत आली तशी काढून पुन्हा जागेवर ठेवली. तू नुसती पडून आहेस आणि तुझ्या पोटात दोन जीव नांदतात. माझ्या पोटी एकही नांदला नाही. हेवा तुला एकटीलाच करता येतो असं समजू नकोस.

तुझं पत्र मी भाऊजींना वाचून दाखवलं. ते पानावरून उठले आणि आईला म्हणाले की पाटाचं पुन्हा तोंडातून काढशील तर मी मळ्यात राहाले जाईन. सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. पायगुण संपला म्हणायचा.

तू सांग, मी बरणी चुलीजवळ ठेवते आणि अचलपूरला बाबांकडे निघून जाते. पण तू उठू नकोस. उठलीस तर त्या दोघांना मी कुठून आणून देऊ?

राग हवा तेवढा असू द्यावा. तो पडल्या पडल्याही करता येतो.

तुझीच,
तानू


अमरावती, ता. ३० मार्च

चि. तानूस ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

परवा सकाळी मुलगा झाला, आणि त्याच्या मागोमाग मुलगी. दोघं कबुतराएवढी. पिंजलेल्या कापसात गुंडाळून ठेवली आहेत, पण आवाज मात्र दोघांचा सासूबाईंवर गेला आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात की जगतील.

तुझं पत्र आलं तेव्हा माझा एक पाय जमिनीला लागला होता आणि गुलनार माझे खांदे दाबून बसली होती. पत्र वाचलं, पाय वर घेतला आणि रडत बसले. खिळ्याचं वाचून रडले की तुझ्या केसांचं वाचून, ते अजून मला सांगता येत नाही. इतके दिवस तुला दोन ओळी टाकल्या नाहीत, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं.

माझा मत्सर गेला असं मात्र समजू नकोस. मुलगी नाकाडोळ्यांनी तुझ्यावर गेली आहे. म्हणजे आता घरात दोन तानू! बरणी परत चुलीजवळ ने. आणि अचलपूरचं नाव काढू नकोस. दोन लेकरांना एक आई कशी पुरी पडणार?

आम्हाला न्यायला ह्यांच्याबरोबर तू ये. मळ्यात मोगरा लागला असेल. निघायच्या दिवशी पहिली वेणी देवाला घाल. दुसरी माझी. ती ओल्या फडक्यात गुंडाळून आण आणि तिला नाक लावलंस तरी याद राख. मग तिसरी गुंफ, आणि ती माळूनच गाडीत बस. सासूबाईंनी विचारलं तर सांग, घरच्या बाईनं सांगितलं आहे.

माझ्या खाटेवरून दार सरळ दिसतं. रिकाम्या अंबाड्यानं आत आलीस तर लोभ नाही.

तुझी,
ताई