दुसरा आणि चौथा रविवार

१५ डिसेंबर, सोमवार

सहलीच्या अठरा बस! एकोणिसावी अमळनेरहून निघून वाटेत बंद पडली, तर तिचे सर फोनवर माझ्यावरच ओरडले. जणू मीच जाऊन टायरात खिळा ठोकला! हो सर, हो सर म्हटलं आणि फोन ठेवला.

अकराशे चाळीस मुलं झाली आज. प्रत्येकाच्या मनगटाला मीच फीत बांधली. धरणगावची पिवळी, नरडाण्याची हिरवी, शिरपूरची जांभळी. एका शाळेला एक रंग. संध्याकाळी बसच्या दाराशी फिती मोजायच्या, आकडा जुळला की सरांची सही, बस सोडायची. मी तोंडं बघतच नाही. हात पुढे, गाठ, चला, पुढे. हात पुढे, गाठ, चला, पुढे. तिकीट खिडकीवरची नाजमीन म्हणते, तू झोपेतही हेच बडबडत असशील. असेन. झोपेत मी ऐकायला थोडीच असते!

मौजवन नाव ठेवलंय. हायवेला लागून सिमेंटचे डायनासोर, एक भुताचं घर, एक गोल फिरणारी गाडी आणि थंडीत कोणी उतरत नाही तो पाण्याचा हौद. पोरं मात्र वेडी होतात. होऊ देत.

१७ डिसेंबर

कालच्यासारखंच. डबा न उघडता घरी आणला.

२० डिसेंबर, शनिवार

एक आश्रमशाळा आली, पार सातपुड्याच्या पायथ्यापासून. पहाटे तीनला निघालेली पोरं. दारातच निम्मी उलट्या करून मोकळी! त्यांच्याबरोबरची सुनिताबाई, स्वयंपाकीण, प्रत्येकाला कुशीत घेऊन तोंड पुसत होती. संध्याकाळी बसमध्ये चढून सगळे आले का म्हणून ओरडली, "बठ्ठा उनात का रे?" फिती मोजल्याच नाहीत तिने. नुसती नजर फिरवली आणि म्हणाली, एक कमी शे. सुका नावाचा मुलगा भुताच्या घराबाहेर बसून होता, आत जायची हिंमत होईना आणि सोडून यायचीही होईना.

माझ्या वहीत आकडा जुळत होता, कारण सकाळी मीच एक कमी लिहिलेला. साठ पोरं तिने नजरेनं ओळखली! मला गंमत वाटायला हवी होती.

२३ डिसेंबर

गोपालभाऊंनी जानेवारीची बुकिंगं काउंटरवर चिकटवली. गोपालभाऊ म्हणजे आमचे मॅनेजर, सणावाराला कुणाला सुट्टी दिली तर त्यांचा जीव जातो.

९ जानेवारी, शुक्रवार. धुळे. पाचवी आणि सहावी. एकशे बहात्तर मुलं.

ललितची शाळा. ललित पाचवीत आहे. माझा मुलगा.

लिहून टाकलं. तीन वेळा वाचलं. काही वाटलं नाही, आणि ते बघून भीती वाटली.

२५ डिसेंबर

नाताळची सुट्टी, अठ्ठावीसशे माणसं. पाय सुजलेत.

एकदा सरळ लिहून ठेवते, निदान वहीशी तरी खोटं नको. चार वर्षांपूर्वी मी धुळ्याचं घर सोडलं. मार खाऊन खाऊन सोडलं. ललित सहा वर्षांचा होता. त्याला आणता आलं नाही. सासूनं, सुंदरबाईंनी, त्याला खोलीत कोंडलं आणि दारात उभ्या राहिल्या. "तू जाय. पोऱ्या आम्हना शे." मी गेले. तो आतून दार वाजवत होता.

मग कोर्ट. मुलगा बापाकडे राहील, आईला महिन्यातून दोनदा भेट. दुसरा आणि चौथा रविवार, अकरा ते बारा, धुळ्यातच देवपुरातल्या समुपदेशन केंद्रात, वहीत सही करून. वर्षभर गेले. तो पहिला अर्धा तास रुसून बसायचा, मग बोलायला लागला की बारा वाजायचे!

आणि मौजवनात रविवार म्हणजे जत्रा. गोपालभाऊ म्हणाले, रविवारी सुट्टी हवी तर सोमवारी यायचंच नाही. मला ही नोकरी सोडून चालणार नव्हतं. एक रविवार चुकला. मग दुसरा. तिसऱ्याला जायची लाज वाटली, त्याला काय सांगू म्हणून. अशी दीड वर्षं गेली. कोणी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही.

२८ डिसेंबर, रविवार

चौथा रविवार. चौतीसशे माणसं. अकरा वाजता घड्याळ बघितलं. मी जात नाही म्हटल्यावर तेही त्याला कशाला आणत असतील! परत बघितलं नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

शाळेची यादी आली. नाव, इयत्ता, बापाचा मोबाईल, आईचं नाव आणि मोबाईल. काही झालं तर कळवायला अशी यादी आम्ही सगळ्यांकडूनच मागतो.

चौऱ्याऐंशीवा ललित. आईच्या रकान्यात छापलंय: कै. सुलक्षणा. मोबाईल नाही.

कै.!

मला मारून टाकलं! जिवंतपणी! मी इथे फिती कापते आहे आणि तिकडे मी कैलासवासी! सुंदरबाईंनीच केलं हे. कोर्टाच्या पायरीवर म्हणाल्या होत्या, "तू आम्हनाकरता मरी गई." म्हटलं होतं, म्हणोत बापड्या, तोंड आहे त्यांना. पण शाळेत लिहून द्यायचं? पोराला सांगायचं, तुझी आई मेली? देवा रे! किती महिन्यांनी एवढा राग आलाय. अक्षर बघ कसं आलंय.

३ जानेवारी

रात्रभर भांडले सुंदरबाईंशी. मनातल्या मनात. सगळी भांडणं मीच जिंकले.

५ जानेवारी

नाजमीनला यादी दाखवली. ती बोटावरची शाई पुसायची विसरली.

"सांग त्याला! गेटवरच सांग. हात पकडून सांग, बेटा, मी जिती आहे म्हणून!"

"सगळ्या पोरांसमोर?"

"पोरांसमोर नाही तर काय मुहूर्त काढणारेस?"

बरोबर आहे तिचं. सांगणारच. फक्त एवढंच सांगायचंय की मी मेले नाही. पुढचं पुढे.

धुळ्याच्या शाळेला लाल फीत ठेवली. नव्या रिळातली, चांगल्या सॅटिनची. बाकीच्यांना उरलेली.

८ जानेवारी

आंघोळ करताना म्हणून बघितलं. ललित, मी आई. ललित, मी आहे. अरे ललित, ओळखलंस का? तिन्ही वाईट. पहिलंच बरं.

९ जानेवारी, शुक्रवार

नीट लिहायचं ठरवलंय. क्रमाने.

धुळ्याच्या चार बस सव्वानऊला आल्या. त्याच वेळी चोपड्याच्या सहा! आणि जामनेरची एक शाळा बुकिंग न करताच दारात! गोपालभाऊ शिट्टी फुंकत होते, कोणाचे तरी सर सवलतीसाठी नाजमीनशी वाद घालत होते, लाउडस्पीकरवर गाणं. मी लाल फिती गळ्यात अडकवून उभी राहिले. आज तोंडं बघायची होती. पहिली वीसेक बघितली. प्रत्येकात ललित दिसायला लागला! दीड वर्षात पोरगं किती वाढतं मला काय माहीत! मागून ढकलाढकली सुरू झाली, गोपालभाऊ ओरडले, "सुलक्षणाताई, हात चालवा!" आणि माझे हात चालायला लागले. मान खाली गेली. हात पुढे, गाठ, चला, पुढे.

मग एक हात आला. बारीक, सावळा, नखं नीट कापलेली. गाठ मारली. हात मागे जाईना.

"ललित," तो म्हणाला.

नाव कोणीच सांगत नाही. विचारत नाही मी कोणाला. रोजच्या हजार-अकराशे पोरांत एकानेही कधी सांगितलं नाही.

मी वर बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. ओळखून बघत होता. तोंड उघडलं मी, आणि त्या तोंडातून निघालं,

"चला, पुढे."

शप्पथ सांगते, मी नाही म्हटलं ते. जिभेनं म्हटलं. चार वर्षांची सवय लागलेली जीभ! त्याने मान हलवली. मागच्या पोराने त्याला विचारलं, "ओळखीची आहे का रे?" तो म्हणाला, "नाही." तोवर पुढचा हात माझ्यासमोर आला होता. मी त्याला गाठ मारली. त्याच्या पुढच्यालाही मारली. सगळ्यांना मारल्या.

दुपारी जेवणाच्या शेडमध्ये शोधलं. भुताच्या घरापाशी शोधलं. गोल गाडीपाशी अर्धा तास उभी राहिले. लाल फिती सगळीकडे, तो कुठेच नाही.

पाच वाजता त्यांचे नवल सर सहीला आले. भला माणूस. घसा बसलेला, खांद्यावर पोरांच्या तीन पाण्याच्या बाटल्या.

"एक आत आलाच नाही हो, ताई. गेटवरून फिरला आणि बसमध्ये जाऊन बसला. डोकं दुखतं म्हणे. ड्रायव्हरनं बिस्किटं दिली तर तीही खाल्ली नाहीत. पैसे भरून काय उपयोग!"

"कोण?"

"ललित म्हणून आहे. शहाणं पोर. आई नाही त्याला. सगळे फॉर्म स्वतःच भरतो, आजीला लिहितावाचता येत नाही आणि बाप लक्ष देत नाही. मागच्या वर्षी चौथीत आईचा रकाना रिकामाच ठेवला होता. मी म्हटलं, असा रिकामा चालत नाही रे. तर म्हणाला, सर, कै. लिहू का?"

चौथीत. तेव्हाच मी जायचं बंद केलं होतं.

सुंदरबाईंनी लिहिलं नव्हतं. त्याने लिहिलं. सात दिवस मी उगाच त्या म्हातारीला शिव्या घालत होते.

मी सरांना म्हटलं, "इथे सही करा." बस पन्नास पावलांवर उभी होती. खिडकीच्या काचा वर केलेल्या. जावं, चढावं, एवढंच होतं. मागे चोपड्याचे सर पेन मागत होते. मी पेन दिलं. परत वळले तर बसचे लाल दिवे हायवेला लागले होते.

रडू आलं नाही. आज तरी यायला पाहिजे होतं! नाजमीन माझी पाठ थोपटत रडली, आणि मी तिला पाणी आणून दिलं.

१० जानेवारी

बावीस बस.

११ जानेवारी, रविवार

दुसरा रविवार. छत्तीसशे. सकाळी पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची बस लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी मौजवनकडे जाणाऱ्या वडाप जीपमध्ये बसले. त्याला आता काय तोंड दाखवू?

१४ जानेवारी

संक्रांत. नाजमीनने सकाळीच माझ्या हातावर तिळाचा लाडू ठेवला आणि म्हणाली, गोड बोल. सण माझा, खरं तर मीच तिला द्यायला हवा होता! खाल्ला. चव लागली नाही.

१९ जानेवारी

नवल सरांचा नंबर काढला होता. दोनदा लावला, वाजायच्या आत कापला. काय सांगू? सर, ती कै. मी बोलतेय?

त्याने नाव सांगितलं. भर गर्दीत, मित्रांसमोर, स्वतःहून. दहा वर्षांच्या पोराला त्यासाठी केवढं बळ लागलं असेल. ते त्या शुक्रवारपासून डोक्यातून जात नाही. जाऊही नये.

२४ जानेवारी, शनिवार

उद्या चौथा रविवार, परवा सव्वीस जानेवारी. गोपालभाऊंनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, दोन दिवस कोणी आजारी पडायचं नाही, कोणाचं कोणी मरायचं नाही. सगळे हसले.

मी म्हटलं, मी उद्या येणार नाही.

"मग सोमवारीही येऊ नका."

"बरं," म्हटलं. एवढं सोपं होतं! दीड वर्षं मी हा शब्द गिळून बसले होते.

२५ जानेवारी, रविवार

पावणेअकराला केंद्रात पोचले. हनीफ चाचा तिथलं कुलूप उघडतात आणि सहीची वही सांभाळतात. आधी त्यांनी ओळखलं नाही. मग म्हणाले, "आता आलीस, बेटी?"

म्हणाले, पोरगा एक रविवार चुकला नाही. दीड वर्ष. वकिलाने सांगितलेलं म्हणून बाप आणून सोडायचा, तुझी गैरहजेरी लागावी म्हणून. बाप बाहेर गाडीवर, हा आत बाकावर, अकरा ते बारा. चाचा विचारायचे, कशाला बसतोस रे? तर म्हणायचा, आईकडे रविवारी गर्दी असते, सुटली की येईल.

अकरा तारखेला पहिल्यांदा आला नाही. चाचांना वाटलं, आजारी असेल.

बारा वाजून गेले. आजही आला नाही. वहीत सही केली, माझ्या नावापुढे. आठ फेब्रुवारीला परत यायचं आहे. चाचा कुलूप घेऊन दारात उभे आहेत, मला उठ म्हणत नाहीत.