कागदावरची बाग

आबा, तुम्हाला उत्पन्नाच्या दाखल्याविषयी लिहायचं आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, एवढ्या वर्षांनी लिहायला बसलीस आणि हेच सुचलं का तुला? पण माझी सगळी नोकरीच या दाखल्यांवर गेली. विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती विभागात चिकटले ती निवृत्त होईपर्यंत तिथंच, खिडकीच्या आतल्या बाजूला. बाहेरची बाजू मला आधीच ठाऊक झाली होती आणि ती तुमच्यामुळं. त्याबद्दल तुमच्याशी मी कधी नीट बोलले नाही. तुम्हीही विषय काढला नाहीत, मीही नाही, आणि मग तुम्ही गेलात.

ही फी-माफीची भानगड नेमकी काय असते ते आधी सांगते, कारण त्या वेळी ती तुम्हाला कळली नव्हती आणि मलाही धड कळली नव्हती. प्रवेश मिळतो गुणांवर. माफी मिळते घरच्या परिस्थितीवर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पोरगी पहिली आली आणि बाप सधन असला तर माफी नाही. पोरगी जेमतेम यादीत बसली आणि बापाची ओढाताण असली तर आहे, फक्त नापास व्हायचं नाही. आता परिस्थिती ठरवायची कुणी? खिडकीतला माणूस काही तुमच्या घरी येऊन पिठाचे डबे उघडून बघत नाही. तलाठी जमिनीचा सात-बारा बघून अहवाल देतो, त्यावर तहसीलदार दाखला देतो, आणि दाखल्यातला आकडा मर्यादेच्या आत असला की अर्ज पुढं सरकतो. हे सगळं दरवर्षी नव्यानं करायचं. माफी झाली तरी ती फीपुरती, खानावळीचं ज्याचं त्यानं बघायचं. पगारदाराचं सोपं असतं, त्याचा पगार कुठंतरी लिहिलेला असतो. शेतकऱ्याच्या बाबतीत मात्र त्याच्या जमिनीत काय उभं आहे असं कागद म्हणतो, तेच त्याचं उत्पन्न.

आणि आपल्या कागदावर मोसंबीची बाग उभी होती. पाचोडच्या त्या शिवारात विहिरीनं तळ दाखवला आणि दोन उन्हाळ्यांत बाग वाळून गेली, हे आपल्या घराला ठाऊक, तलाठ्याला ठाऊक. तो पीकपाहणीला आला तेव्हा मी बांधावरच उभी होते. तुम्ही त्याला म्हणालात, "भाऊसाहेब, यंदाच्याला बाग तशीच राहू द्या. पोरीची सोयरीक चाललीय." त्यानं मान डोलावली आणि तशीच राहू दिली. अक्कासाठी पैठणकडच्या एका चांगल्या घरानं मध्यस्थ पाठवला होता, आणि आपल्याकडं पाव्हणे पोरीला बघायच्या आधी सात-बारा बघून घेतात. तुम्ही एवढ्यावर थांबला नाहीत. रस्त्याकडच्या झाडांची एक ओळ तेवढी जगवायची ठरवलीत. अक्का आणि मी लांबच्या हापशावरून घागरी आणून त्या ओळीला घालायचो. एसटीतून जाणाऱ्याला बाग हिरवीगार दिसायची आणि ओळीच्या मागं नुसतं सरपण उभं असायचं. ते तोडायलाही तुमची परवानगी नव्हती. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची. पुढं बरीच वर्षं राग यायचा. आता रागही येतो आणि हसूही येतं.

माझं बी.ए. पैठणला मावशीकडं राहून झालं होतं. एम.ए.च्या यादीत नाव लागलं तेव्हा मी एकटीच शहरात गेले, विद्यापीठाच्या त्या लांबलचक रस्त्यानं चालत, छत्री विसरून, उन्हात. सगळे कागद पिशवीत होते. खिडकीत एक म्हातारे बाबू बसलेत. चष्मा कपाळावर, समोर कपबशी. ते माझा दाखला बघतात, मग सात-बारा बघतात, मग माझ्याकडं बघतात. "बाई, बाग रैते तो माफी कैसी मिलती?" मी म्हणते, बाग वाळलीय. ते शांतपणे म्हणतात, "वाळली असंल. कागज पे तो हरी है ना? मी कागज पढता. जाव, वालिदांना सांगा, पहले कागज दुरुस्त करो." मग फी भरायची मुदत बोटांवर मोजून दाखवतात. आठ दिवस. त्यानंतर यादीतलं माझं नाव खाली सरकणार आणि पुढच्या मुलीचं वर येणार. त्यांनी मला हिडीसफिडीस केलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्या खिडकीत बसल्यावर मला कळलं की ते दुसरं काही करूच शकत नव्हते.

मी घरी आले तो आठवडी बाजाराचा दिवस होता. तुम्ही नुकतेच बाजारातून येऊन जेवायला बसला होतात आणि अक्का तव्यावर भाकरी टाकत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तुम्ही भाकरी कुस्करत राहिलात. मग म्हणालात, "पाव्हण्यायचा निरोप यायचाय अजून. आत्ता बाग काढली तर हिचं काय व्हईल?" मी म्हटलं, माझं काय होईल? तुम्ही एकदम चढ्या आवाजात म्हणालात, "तू बी.ए. झालीस तेवढं लई झालं. सगळ्या गावात एवढी शिकलेली पोरगी नाय." अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली आणि आमच्याकडं न बघता बोलली, "आबा, तिचं आठ दिवसांत संपतंय. माझं काय, आणखी कुणी यील." तुम्ही तिला म्हणालात, "तू गप बस." तिनं पुढची भाकरी थापायला घेतली. तुम्ही अर्धं जेवण टाकून उठलात.

पुढचं मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही चावडीवर गेलात. तलाठी म्हणाला, एकदा लिहिलेली बाग अशी तोंडी निघत नाही. पंचनामा करावा लागंल, पाच माणसं शेतात न्या, त्यांच्या सह्या लागतील. बाग नसल्याचं पाच जणांना दाखवायचं म्हणजे गावालाच दाखवायचं. तुम्ही चार माणसं गावातली घेतलीत. पाचवा कोण, तर अक्काची सोयरीक आणणारा मध्यस्थ. मला वाटलं तुमचं डोकं फिरलं. वाटेत मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, "त्याला दुसऱ्याकडून कळण्यापरीस माझ्याकडून कळू दे." शेतात पोचलो तेव्हा तुम्ही सगळ्यांना त्या हिरव्या ओळीच्या पलीकडं नेलंत. एक फांदी हातानं मोडून दाखवलीत. ती कडकन मोडली. मग तुम्ही म्हणालात, "ही बाग नाय. दोन सालापासून नाय. म्याच लिहायला लावली व्हती." पंचनाम्यासाठी एवढं बोलायची गरज नव्हती. झाडं वाळली आहेत इतकंच पुरेसं होतं. तलाठ्यानं ते शेवटचं वाक्य कागदावर घेतलं नाही, एवढा तो माणूस बरा होता. मध्यस्थानं सही केली, चहाला थांबला नाही.

सातव्या दिवशी मी नवा दाखला खिडकीत दिला. बाबूंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, शिक्का मारला आणि म्हणाले, "हां, आता कैसा बराबर झालं." माझं एम.ए. त्या शिक्क्यावर झालं, आणि त्यानंतरची नोकरी, शहरातलं घर, मुलांची शिक्षणं, हे सगळंही. पैठणकडून निरोप आला तो नकाराचा. बाग नव्हती हे कारण त्यांनी सांगितलं नाही. फसवणूक केली हे सांगितलं. ते खोटं नव्हतं, म्हणून तुम्हाला भांडताही आलं नाही. मग दोन वर्षं अक्काला कुणी विचारलं नाही. त्या दोन वर्षांत मी सुट्टीत घरी आले की ती माझी पुस्तकं पुसून ठेवायची. शेवटी शेंद्र्याचं स्थळ आलं, दोन एकर कोरडवाहू, माणूस वयानं बराच मोठा. तुम्ही सात-बारा दाखवायला काढलात तर ते म्हणाले, राहू द्या. अक्काचा संसार झाला. चांगला झाला असं मी म्हणत आले आहे. खरं म्हणजे तिला तसं मी कधी विचारलेलं नाही.

खिडकीच्या आत बसल्यावर मी तुमच्यासारखे बाप पुष्कळ पाहिले, आबा. कडक इस्त्रीचा शर्ट घालून येणारे, उत्पन्न विचारलं की आधी मागं कोण उभं आहे ते बघणारे. एक जण तर पोरीला बाहेर पाठवून मग आकडा सांगायचा. मी त्यांना म्हणायचे, यात लाज कसली? ही काही भीक नाही, सरकारनं तुमच्यासाठीच ठेवलेली सोय आहे, खरं ते लिहा. फार ठासून सांगायचे मी. विभागात माझं नाव होतं त्याबद्दल. नव्या कारकुनांना मी बजावायचे की बापाला पोरीसमोर आकडा विचारू नका, बाजूला घ्या, खुर्ची द्या. त्यातले काही जण मला हसायचे, पण खुर्ची द्यायचे.

हे सगळं आज का लिहिलं ते सांगते. गेल्या आठवड्यात अक्का माझ्याकडं राहायला आली होती. माझ्या नातीचा विद्यापीठाचा अर्ज भरणं चाललं होतं. आता तो मोबाईलवरच भरतात. उत्पन्नाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि मला म्हणाली, "आजी, तुला पण स्कॉलरशिप होती ना? कशावर मिळाली होती?" अक्का शेजारी बसून मेथी निवडत होती. मी म्हटलं, "गुणांवर." घरात मी नेहमी हेच सांगत आले आहे, तुमच्या जावयालाही हेच सांगितलं होतं. पण अक्कासमोर कधी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि मग मला तिच्याकडं बघवेना. नातीनं तिलाच विचारलं, "खरंच का गं मोठ्या आजी?"

अक्का म्हणाली, "व्हय तर. लई हुशार व्हती ही. आमच्या गावात अशी दुसरी नव्हती."

आणि पुढची जुडी सोडायला घेतली. दोन दिवसांनी तिचा मुलगा येऊन तिला शेंद्र्याला घेऊन गेला. मी गाडीपर्यंत गेले, पिशवी आत ठेवली, औषधं वेळेवर घे म्हटलं. बाकी काही बोलले नाही. हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं, आबा. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही ते वाचणार नाही.