मोठ्याने घेतलेलं नाव

कोल्डनशॉ, ८ जुलै १८३७

ती. टॅबिथाआत्यास,
जेबेझचा दुरूनच, पण पुरता वाकून, शि. सा. न. वि. वि.

मी कॉलेज सोडल्याचं तुला चॅपेलच्या पाद्रीबुवांकडून कळलं, माझ्याकडून नाही, म्हणून तू रागावली असशील. रागाव, पण ऐक. मँचेस्टरात बसून हिब्रू घोकायचं आणि इकडे गिरणीतल्या पोरीबाळी दिवसाला तेरा-तेरा तास उभ्या, हे मला सोसेना. दहा तासांचा कायदा झाला पाहिजे. निवडणूक तोंडावर आहे. आमचे उमेदवार मिस्टर पेल कायद्याच्या बाजूचे. समोर गिरणीवाले डेनहोम.

आमच्यात मत कुणालाच नाही. ते ऐपतीच्या घरात राहणाऱ्यांना. पण मत द्यायचं असतं चौकातल्या मंचावर चढून, गावासमोर, मोठ्याने नाव घेऊन. तोच आमचा लगाम! कायद्यासाठी झटणाऱ्या आमच्या कमिटीने ठरवलंय, जो दुकानदार डेनहोमचं नाव घेईल, त्याच्या दुकानाची पायरी गिरणीतली एकही बाई चढणार नाही. काही शहाणे म्हणतात, मत चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायची सोय हवी. मी सभेत म्हटलं, मग चिठ्ठीबरोबर एकेक बुरखाही वाटा. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू!

आता खरी बातमी. एनॉक मिजली पाववाल्याची लेक थर्झा. डोळे असे, की पाहिल्यावर मला शब्दच सुचत नाहीत, आणि मला शब्द सुचत नाहीत हे तुला खरं वाटणार नाही. नुकताच राजा वारला, अठरा वर्षांची मुलगी गादीवर बसली; पण एनॉकच्या मते एकोणीस वर्षांची थर्झा माझ्याशी बोलायला अजून लहान आहे! तरी माणूस आपला. पेलनाच मत देईन असा त्याने हातात हात देऊन शब्द दिलाय. एकदा त्याने मंचावरून नाव घेतलं, की मी त्याच्याकडे थर्झासाठी शब्द टाकणार.

तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा जेबेझ


व्हिटबी, १५ जुलै १८३७

चि. जेबेझ यास,
टॅबिथाआत्याचे अ. उ. आ.

पत्र वाचून आधी चिडले, मग हसले, मग चुलीवरचे हेरिंग मासे करपले. पाद्री होणार नाहीस याचं मला फारसं दुःख नाही. तुझी प्रवचनं ऐकणाऱ्यांची मला आधीपासूनच काळजी होती.

पण एक सांग. त्या पाववाल्याची भट्टी कुणाच्या जागेत आहे? इथे बंदरावर मी नेहमी बघते, मतदानाच्या दिवशी निम्म्या मतदारांना खोकला होतो आणि दुसऱ्या दिवशी खडखडीत बरा. लोक हसतात. मी हसत नाही. ज्याचं दोन्हीकडून मरण असतं त्याला खोकला होतो. एनॉकलाही होऊ दे. त्याला शब्दातून मोकळा कर.

आणि त्या मुलीचे फक्त डोळेच लिहिलेस. ती बोलते की नाही? काय बोलते?

थंडी-वाऱ्याचं मोजे घालत जा. आत्या आहे हे विसरला नाहीस एवढ्यावर समाधान.
टॅबिथा


कोल्डनशॉ, ३१ जुलै १८३७

ती. आत्यास, शि. सा. न.

तुझा सल्ला मी मानला नाही. खोकला म्हणजे भित्र्यांचं औषध, असं मी थर्झाच्या देखतच म्हणालो होतो.

बुधवारी मतदान झालं. मी मंचाच्या अगदी पुढ्यात होतो. एनॉक चढला. केसांना पीठ तसंच. कारकुनाने नाव विचारलं, कुणाला मत, विचारलं. एनॉकने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मागे बसलेल्या डेनहोमच्या मुनिमाकडे, आणि मग म्हणाला, डेनहोम. आत्या, सगळ्यात आधी हुर्यो केली ती मी. चौकभर पसरली. संध्याकाळी त्याच्या दारावर खडूने फुली मारली, तीही मीच. माझ्या प्रेमापायी कमिटीने मला कच्चा समजू नये, म्हणून जरा मोठीच मारली.

डेनहोम निवडून आले. बायकांनी शब्द पाळला. चौथ्या दिवशीही मिजलीचे पाव फळीवर तसेच. थर्झा मला पुलावर गाठून बोलली. विचारलं होतंस ना, काय बोलते? तिने सांगितलं, बाबा पेलचंच नाव घेणार होते. मुनीम घरी येऊन गेला होता. पेलचं नाव घेतलं तर सप्टेंबरअखेर जागा खाली करा म्हणून. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली, कूस बदलायला दोन माणसं लागतात, तिला कुठे नेणार? तरी बाबा शब्दाला अडून बसले. तेव्हा थर्झाने त्यांच्या पाया पडून डेनहोमचं नाव वदवून घेतलं. म्हणाली, मंचावर बाबांचं तोंड होतं, शब्द माझा होता. फुली मारायची तर माझ्या कपाळावर मार. आणि पुन्हा आमच्या रस्त्याला येऊ नकोस.

मी काय करू? दुकानात गेलो तर कमिटीचा दगलबाज. नाही गेलो तर थर्झा गेली आणि भट्टीही गेली. तूच सांग.
जेबेझ


व्हिटबी, ५ ऑगस्ट १८३७

चि. जेबेझ यास, अ. उ. आ.

एका माणसाच्या गळ्याला तिकडून डेनहोमने हात घातला, इकडून तुम्ही. आणि जो आवाज निघाला त्याला तुम्ही सगळे त्याचं मत म्हणता! तुमचा हात पोटासाठी होता आणि त्यांचा खिशासाठी, हे मला कळतं. गळ्याला कसं कळावं?

काय करू ते मला विचारू नकोस. मी हो म्हटलं तर तू माझ्या जोरावर जाशील, आणि उद्या लोकांनी शिव्या घातल्या की माझ्याकडे बोट दाखवशील. मुलगीही हवी आणि टाळ्याही हव्यात, असं मात्र होणार नाही. एवढं बोलून तुझी म्हातारी गप्प बसते.
टॅबिथा


कोल्डनशॉ, १० सप्टेंबर १८३७

ती. आत्यास, मनापासून शि. सा. न. वि. वि.

गेलो. भर दुपारी, गिरणीची जेवणाची सुट्टी बघूनच गेलो. ओल्या फडक्याने फुली पुसली आणि आत जाऊन पाव मागितला. रस्त्यावरून गिरणीत पिंजणकाम करणाऱ्या सूझनने गाव ऐकेल असं विचारलं, काय रे, मिजलीचा घरजावई झालास का? हशा पिकला. आत थर्झाने न बघता पाव पुढे सरकवला. एनॉक म्हणाला, कीव म्हणून घेत असशील तर परत ठेव. मी म्हटलं, भूक लागलीय. ते खरंच होतं.

कमिटीने मला काढलं. जाण्याआधी मी उभा राहून म्हणालो, मत पेटीतच टाकायला हवं, बुरख्याचं मी बोललो ते मागे घेतो. म्हातारा एमॉस विणकर शांतपणे म्हणाला, पोरा, ते झाकलं तर ज्यांना मतच नाही त्यांच्या हातात उरलं काय? आत्या, हा प्रश्न घेऊनच मी बाहेर पडलो. कदाचित मत सगळ्यांनाच हवं आणि पेटीही हवी, पण एवढं मागणाऱ्याला वेड्यात काढतात.

बायका अजून फिरकत नाहीत. एनॉकने एका भट्टीची आच विझवली. रोज पाव घ्यायला मी आणि दोन-तीन म्हातारे. रस्ता बंद करणारी थर्झा आता निदान सुट्टे पैसे हातावर ठेवते, फळीवर नाही.

काल एक झालं. पेटीच्या मागणीचा अर्ज पार्लमेंटला पाठवायचा म्हणून मी स्वतः लिहिला, सह्या गोळा करायला निघालो, आणि पहिला एनॉककडे गेलो. त्याने हात पुसून सगळा वाचला. म्हणाला, चांगला लिहिलायस, अक्षर अक्षर खरं आहे. मग विचारलं, खाली नाव उघडच लिहायचं ना? हा कागद कोणकोण बघणार? मी सांगितलं, लंडनला जाईपर्यंत कुणीही. त्याने कागद माझ्याकडे परत दिला आणि पिठाकडे वळला.

दोन महिन्यांपूर्वीचा मी असतो तर काय काय बोललो असतो! शब्द ओठांवर आलेही होते. थर्झा माझ्याकडेच बघत होती, मी आता काय करतो ते. मी कागद घडी करून खिशात ठेवला, बाह्या वर केल्या आणि परातीत हात घातला. कणीक घट्ट होती, मला मळता येत नव्हती. मग थर्झाने जराशी सरकून जागा करून दिली.

पीठ अजून नखांत आहे, म्हणून अक्षर असं. आशीर्वाद दे, या वेळी लागणार आहेत.
तुझाच
जेबेझ