डब्यावरची मोकळी जागा

तलमडुगु,
सोमवार

प्रिय रंजीता,

तू मला ओळखत नाहीस. तलमडुगुच्या बस स्टँडसमोर भांड्यांचं दुकान आहे ना, ती तुळजाबाई मी. परवा तुझी आई जयवंताबाई तुझ्या लग्नाची भांडी घ्यायला आली होती. त्यातला हा तांदळाचा डबा तेवढा आज तुमच्या गावच्या, तामसीच्या बसनं पाठवून राह्यली आहे. आईला फोनवर सांगितलं, हा डबा नवरीनंच आधी उघडायचा असतो, आमच्या दुकानाची रीत आहे. अशी रीत-बीत काही नाही, बाई. तांदळाखाली हे पत्र आहे म्हणून खोटं बोलली. बाकीची भांडी दुकानातच आहेत, कारण त्यांच्यावर नावं टाकायची राह्यली. ती काऊन राह्यली, तेच सांगायला बसली आहे. बुधवारी तुझी आई भांडी न्यायला येणार, त्याच्या आत हे वाचून घे.

आधी धंद्याचं बोलते, तेवढाच जिवाला धीर. तुझं लग्न आहे, आहेर येतील, पुढं तुलाही द्यावे लागतील. रिकामं भांडं कोणाला देऊ नये, मूठभर तांदूळ नाहीतर साखर टाकूनच द्यावं. कोणी दिलं तर दोन्ही हातांनी घ्यावं, त्याच्यासमोर उलटं करून कंपनी पाहू नये. पेले आणणारे ढीगभर असतात, तुझ्याकडे एवढे येतील की अख्ख्या गावाला पाणी पाजशील. म्हणून जवळच्या माणसानं सरळ विचारावं, पोरी, तुला काय पाह्यजे? त्यात कसली लाज! आणि देणाऱ्यानं आपलं नाव भांड्याच्या बुडाला टाकावं, पोटावर नाही. आमच्याकडे एक सुधाकरराव येतात. एवढ्याशा वाटीवर स्वतःचं नाव, बायकोचं, दोन्ही पोरांचं, वरून 'सप्रेम भेट'. मी म्हटलं, राव, आता वरण कुठं वाढायचं? ते हसले, पण नावं सगळी टाकून घेतली.

आलेला आहेर दुसरीकडे फिरवतात, सगळेच फिरवतात, त्यात पाप नाही. ज्यानं दिला त्याच्याच दारी परत जाऊ नये म्हणजे झालं. पण फिरवलेल्या आहेराकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहते. काऊन, ते पुढं सांगते.

तेलुगू लोक कट्नम म्हणतात, आपण हुंडा म्हणतो, आणि काही घरं नुसतं 'भेट' म्हणतात. माझ्या हर्षालीच्या सासरचे असेच. हर्षाली माझी एकुलती एक लेक. लग्नात त्यांनी काही म्हणजे काही मागितलं नाही. तुमच्या आनंदानं द्या, म्हणाले. मग आमच्या आनंदाला अंतच राह्यला नाही. दिवाळसणाला अंगठी झाली, संक्रांतीला फ्रिज झाला, धोंड्याच्या महिन्यात अनारशांसोबत जावयाला चांदीचं ताट झालं. दर वेळी सणाच्या आधी हर्षालीचा फोन यायचा. आवाज तिचा, बोलणं दुसऱ्याचं. मागं उभं राहून कोणीतरी सांगून राह्यलं आहे, हे आईला कळत नाही का? तिचे बाबा मारोतराव म्हणायचे, देऊन टाक, पोर सुखात राहील. भेट मागून येत नसते, मागून येते ती वसुली, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आलं.

मग एक दिवस हर्षालीच्या सासरगावची एक बाई पातेलं घेऊन दुकानात आली. म्हणाली, आहेरात मिळालं, यावरचं जुनं नाव घासून माझ्या सुनेचं टाकून द्या. पाहते तर अक्षर माझंच. 'चि. सौ. कां. हर्षाली हिस आई-बाबांकडून.' मी हबकली. पण धंदेवाल्या बाईचं डोकं, म्हटलं आहेर फिरतात, हाही फिरला असेल. आणि मशीन लावून मी माझ्याच हातानं ते नाव घासून दिलं. घरात नांदत्या सुनेच्या नावाची भांडी गावात वाटली जातात, म्हणजे त्या घरानं तिला आपलं मानणं सोडलेलं असतं. हे मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कोणाला नसतं कळलं तरी.

त्याच पावसाळ्यात हर्षाली गेली. सासऱ्याचं खता-औषधाचं दुकान, कपाशीवर फवारायचं औषध घरातच असायचं. ते तिच्या पोटात कसं गेलं, हे मी विचारलं, मारोतरावांनी विचारलं, तिसऱ्या कोणी विचारलं नाही. पाणी समजून चुकून प्याली, असा पंचनामा झाला. तेरवी झाली आणि तिची उरलेली भांडी टेम्पोत घालून त्यांनी आमच्या दारात आणून टाकली. सगळी रिकामी. एकातही चिमूटभर साखर टाकली नाही मेल्यांनी. मारोतराव त्या भांड्यांकडे पाहत बसायचे. वर्ष भरायच्या आत तेही गेले. लोक म्हणतात तुळजाबाई काळजाची टणक, रडली नाही. रडली ग. मशीन चालू करून रडायची, तिच्या आवाजात काही ऐकू जात नाही.

हर्षालीची पोरगी मनस्वी सासरच्यांकडेच आहे. दुसरीत शिकते, हसली की गालाला तशीच खळी पडते, आईसारखी. तिला भेटायचं तर हातात काही घेऊन जावं लागतं. मागच्या संक्रांतीला सायकल नेली, तेव्हा अंगणात थोडा वेळ माझ्याजवळ बसू दिलं. रिकाम्या हातानं गेली होती एकदा, तर पोरगी झोपली आहे म्हणाले. आतून तिचा पाढे म्हणायचा आवाज येऊन राह्यला होता. मी कुठं तोंड उघडलं तर हेही बंद होईल, म्हणून आजवर गप्प राह्यली.

आता परवाचं सांगते. डब्यावर तुझं नाव टाकलं, छान उमटलं. मग तुझ्या आईला विचारलं, जावयाचं नाव काय लिहू? ती कौतुकानं म्हणाली, पंकज. भैंशाचे भगवंतराव आहेत ना, खता-औषधाचे दुकानवाले, त्यांचा मुलगा. बिजवर आहे, एक पोरगी आहे, पहिली तापानं गेली म्हणे. पण माणसं लाख, काही मागितलं नाही, तुमच्या आनंदानं द्या म्हणाले. रंजीता, माझ्या हातातली नाव कोरायची सुई घसरली. तुझ्या नावापुढं ओरखडा दिसतो आहे ना, तो तेव्हाचा. मशीन बिघडली म्हणून सांगितलं आणि तिला बुधवारी बोलावलं. सगळं तोंडाशी आलं होतं. पण मनस्वीचा चेहरा समोर आला आणि मी बुधवारची पावती लिहून दिली.

या दोन दिवसांत माझ्या मनात काय काय आलं, तेही लपवत नाही. आपल्यात दुसरी आली की पहिलीच्या माहेरी तिला लेक मानतात, तिची ओटी भरतात. तू त्या घरात गेलीस तर मला लेक मिळेल, मनस्वीला आई मिळेल, आणि तुझ्या नावानं मला त्या घराचं दार उघडं राहील. शाळेतली पोरं रंजीता टीचर म्हणून तुझ्या मागं मागं असतात, असं तुझी आई सांगत होती. म्हणजे माझ्या नातीलाही तू जीव लावशील. गप्प बसण्यात सगळा माझाच फायदा होता. पण पोरी, तुझी भांडी तुझ्या आईच्या दारात रिकामी येऊन पडलेली मला पाहवणार नाहीत. म्हणून डब्यावर तुझ्या नावापुढची जागा मोकळी ठेवली आहे. बुधवारी आईसोबत तूही ये. त्याचं नाव टाका म्हणालीस तर टाकून देईन, तुझा संसार आहे, जबरदस्ती नाही. नको म्हणालीस तर तेवढा ओरखडा घासून देते, आणि हा डबा माझ्याकडून तुला भेट समज. आई चिडली तर खुशाल माझ्याकडे बोट दाखव. भैंशाला कळेल ते कळू दे. मनस्वीचं मी पाहीन. कसं, ते मला अजून माहीत नाही.

तू माझी लेक होऊ नयेस असं वाटणारी, तरी तुझीच,
तुळजाबाई