प्रतीक्षायादीत ‘नको’ म्हणताना

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार वाचावा आणि वाचून झाल्यावर बसून घ्यावं. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू लिहिलं नव्हतंस. बाबांचं म्हणणं, उतरताना दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावं आणि चढताना दुखत असेल तर वय झालं म्हणावं. (बाबा चष्मे विकतात. गुडघ्यांबद्दल त्यांना एवढंच माहीत आहे.) आमच्याकडे सगळे बरे आहेत. आईचा खोकला गेला. मी जेवते, झोपते, बोलावलं की जाते. तू आमची काळजी करू नकोस आणि मुख्य म्हणजे इकडे येण्याची तसदी घेऊ नकोस. गाडीचा प्रवास, तुझा गुडघा, आमचा तिसरा मजला. अजिबात येऊ नकोस.

पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रतीक्षायादीत माझं नाव लागल्याचं तुला फोनवर सांगितलं होतं. तू अभिनंदन केलंस. प्रतीक्षायादीबद्दल अभिनंदन करायचं की सांत्वन, हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं. शेजारच्या काकू दोन्ही करून गेल्या. हा माझा शेवटचा प्रयत्न, हेही तुला माहीत आहे. यंदा जागा मिळाली नाही तर मी बाबांच्या दुकानात बसायचं, असं ठरलंय. म्हणजे कुणी ठरवलेलं नाही, पण बाबांनी दुकानात दुसरा काउंटर करायला घेतला. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल,’ म्हणाले. सुतार घरी येऊन माझी उंची मोजून गेला.

यादीच्या पत्रासोबत सूचनांचा एक कागद आला. उमेदवारानं कार्यालयात येऊ नये. फोन करू नये. शिफारस आणू नये, भेटवस्तू तर नाहीच नाही. प्रवेशाची इच्छा कायम असल्याचं एक पत्र पाठवता येईल, एकच. ज्यांच्या दवाखान्यात मी दुपारी कुत्री धरते त्या डॉक्टरीणबाईंना मी तो दाखवला. त्यांनी एका हातानं मांजर दाबून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं कागद. ‘चार ओळी लिही,’ त्या म्हणाल्या. ‘मला हेच महाविद्यालय हवंय, जागा मिळाली तर मी येणार. आणि मग तोंड बंद.’ सल्ला चांगला होता. मी चार ओळी लिहिल्या आणि चूक केली ती ही, की पाकीट बंद करण्याआधी त्या घरी वाचून दाखवल्या.

बाबांनी ‘मला हवंय’ हे पहिल्यांदा खोडलं. म्हणाले, ‘असं हावऱ्यासारखं लिहितात का कुणी?’ आईनं सुचवलं की इतर उमेदवारांचाही विचार दिसू दे. मग त्यात आलं की माझे गुण बेताचेच आहेत. मग आलं की यादीत माझ्याहून लायक मुलं असणारच. शेवटी, कुणाची गैरसोय होणार नसेल आणि एखादी जागा अगदीच पडून राहणार असेल तरच माझा विचार व्हावा, ही विनंती. पत्र दोन पानांचं झालं. बाबांनी चष्मा बदलून ते पुन्हा वाचलं आणि म्हणाले, आता कसं आपल्या घरातलं वाटतंय. आठवड्यानं महाविद्यालयाचं एका ओळीचं उत्तर आलं. आपण माघार घेत आहात का, ते कळवावे.

तेव्हा बाबा स्वतः गेले. उमेदवारानं येऊ नये असं लिहिलंय, उमेदवाराच्या बापाबद्दल काही नाही, हे त्यांनीच शोधून काढलं. प्रवेश विभागात एक लांब टेबल आहे, त्यामागे एक गृहस्थ बसतात. त्यांनी बाबांना बसा म्हटलं. बाबा म्हणाले, नको, उभा आहे तो बरा आहे. त्यांनी चहा विचारला. बाबा म्हणाले, नको, आत्ताच झाला. (झाला नव्हता.) मग ते गृहस्थ कामाला लागले. काय काम आहे, असं ते विचारतील म्हणून बाबा थांबले. ते विचारेनात. बाबा जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंतीला टेकून उभे होते. सुट्टी झाल्यावर त्या गृहस्थांचा चष्मा नाकावरून घसरतोय एवढं त्यांनी पाहिलं, खिशातला छोटा स्क्रूड्रायव्हर काढून तो घट्ट करून दिला, आभार मानले आणि परत आले. आईनं विचारलं, काय झालं? बाबा म्हणाले, माणूस फार चांगला आहे.

आता मुख्य गोष्ट. ही लिहायला मला तुझाच धीर घ्यावा लागतो, कारण हे सगळं तू शिकवलंस. समोरच्यानं काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं तर ते मनापासून विचारतायत असं समजायचं आणि मग घ्यायचं, तेही थोडं. मी पाच वर्षांची असताना तू मला तुझ्या स्वयंपाकघरात उभं करून बिस्किटाच्या डब्यासमोर हा सराव करून घेतला होतास. (त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारायच्या आत तुझा फोन वाजला. मला अजून तो डबा दिसतो. निळा होता.)

तर फोन आला. आम्ही जेवत होतो. टेबलामागचे तेच गृहस्थ बोलत होते, आवाजावरून चष्मा आता नीट बसलेला वाटला. म्हणाले, एक जागा रिकामी झाली आहे, यादीत तुमचा नंबर लागतो, घेणार का? आत्या, माझ्या आत सगळं हो म्हणत होतं. तोंड उघडलं आणि तू बोललीस. मी म्हटलं, ‘अहो, कशाला, राहू दे. तुम्हाला उगाच त्रास. दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल.’ ते म्हणाले, ‘नक्की?’ हे दुसरं विचारणं होतं. मी म्हटलं, ‘नक्की. खरंच नको.’ आणि फोन कानाला घट्ट धरून तिसऱ्याची वाट पाहत बसले. ते म्हणाले, ‘बरं. इतकं स्पष्ट कुणी सांगत नाही हो. आभारी आहे.’ आणि ठेवला.

आई आमटी वाढता वाढता ऐकत होती. म्हणाली, ‘छान बोललीस.’ मग पळी हवेत तशीच राहिली.

मी लगेच ईमेल केला की माझं नको हे नको नव्हतं. त्याला आपोआप येणारं उत्तर आलं. आपला संदेश मिळाला, प्रतीक्षायादीतील उमेदवारांनी कृपया संपर्क करू नये. ती जागा माझ्या खालच्या नंबरला गेली. तो कोण आहे मला माहीत नाही, पण त्याला बिस्किटं वेळेवर मिळाली असणार. बाबा मात्र निर्धास्त होते. यादी बंद होईपर्यंत जागा रिकाम्या होत राहतात, ते पुन्हा विचारतील, दुसऱ्यांदा कुणीही विचारतंच. नंतर भांडी लावताना आईनं मला तुझ्याबद्दल सांगितलं. तुमच्या वसतिगृहाचे हिशेब तपासायला एक गृहस्थ यायचे. त्यांनी लग्नाचं विचारलं, तू रीतीनं नको म्हणालीस आणि ते रीतीनं बरं म्हणून गेले. हे मी याआधीही ऐकलं होतं, पण आजवर गंमत म्हणून ऐकत होते.

पुढच्या फोनची तयारी म्हणून घरात सराव सुरू झाला. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, चहा घेणार का, आणि तिचा ‘का’ पुरा व्हायच्या आत मी हो म्हणायचं. पहिले दोन दिवस जमेना. तिसऱ्या दिवशी जमलं आणि मग थांबेना. शेजारच्या काकूंनी विचारलं, आम्ही गावाला जातोय, पोपट ठेवाल? हो. (तो आत्ता माझ्यासमोर आहे. तो कशालाच नको म्हणत नाही.) कुणीतरी दारावर पाणी गाळायचं यंत्र विकायला आला. हो. दवाखान्यात एका आजोबांनी त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला टेबलावर ठेवून घाबरत घाबरत विचारलं, फार गंभीर आहे का हो? मी म्हटलं, हो! तिच्या कानात मळ झाला होता. डॉक्टरीणबाईंनी आजोबांना पाणी दिलं आणि मला बाहेर उभं केलं.

परवा दुसरा फोन आला. मी चालता चालता घेतला, भर रस्त्यात, एका केशकर्तनालयासमोर. तेच गृहस्थ. म्हणाले, तुमचा नकार नोंदलेला आहे, पण नंतर तुमचा ईमेलही दिसतोय, म्हणून मुद्दाम विचारतो, तुमचं नाव यादीतून... मी म्हटलं, ‘हो!’ त्यांचं वाक्य पुढे चालूच होतं. ‘...कायमचं काढून टाकायचं ना?’ माझा हो तिथे आधीच जाऊन बसला होता. मी म्हटलं, ‘नाही, नाही!’ ते हसले. फार प्रेमळ हसले, आत्या. म्हणाले, ‘अहो, आता औपचारिकपणा पुरे. कळलं मला.’ केशकर्तनालयातला माणूस कात्री थांबवून बघत होता. खुर्चीतलं गिऱ्हाईकही आरशातून बघत होतं. मी दोघांना नमस्कार केला. का, ते मला सांगता येणार नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या हात धूत होत्या. बराच वेळ धूत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘तुमच्या घरात जनावर नाही ते बरंय. भूक लागली की ते सांगतं. तुम्ही त्यालाही बिघडवलं असतं.’ मला राग आला नाही. मला दवाखान्यातली कामं का आवडतात, हे तेव्हा कळलं. कुत्र्यापुढे काही ठेवलं की ते पहिल्यांदाच खातं आणि त्याबद्दल कुणी त्याला नावं ठेवत नाही. मला अशा लोकांत आयुष्य काढायचं होतं.

बाकी सगळं ठीक. काउंटरला पॉलिश झालं. मी काल त्यामागे उभी राहून पाहिलं. उंची अगदी बरोबर आली आहे, सुतार चांगला होता. गुडघ्याला जप. शेक घेत जा. मी वर लिहिलंच आहे, तरी पुन्हा सांगते, आमच्यासाठी धावपळ करून येऊ नकोस.

तुझी भाची

ता. क. एक राहिलं. सूचनांच्या कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे की नोंदीत चूक झाली असल्यास घरातली एक वडीलधारी व्यक्ती एकदाच कार्यालयात येऊन भेटू शकते, यादी बंद होईपर्यंत. यादी पुढच्या शुक्रवारी बंद होते. बाबा जायला तयार आहेत. रोज दुकानात सराव करतात. दुकानात आरसे पुष्कळ आहेत आणि प्रत्येक आरशात ते आभार मानून बाहेर पडतात. आई निघाली तर ‘कुणाला उठवून माझ्या मुलीला बसवू नका’ असं सांगून येईल. तिनं तसं आत्ताच सांगून ठेवलंय.

ता. क. २. आपल्या घरात नको म्हणणारे आम्ही सगळे आहोत. आग्रह करणारी तू एकटीच. तुझ्याकडे बटण दुरुस्त करायला आलेला इलेक्ट्रिशियन आठव. घरून जेवून आलोय म्हणत होता. दोनदा जेवला आणि तुझ्याच दिवाणावर झोपला, आणि आता तू घरी नसलीस तरच बटण दुरुस्त करायला येतो. मला त्या टेबलासमोर तू हवी आहेस. खुर्ची ओढून बस. चहा विचारला तर पहिल्यांदाच हो म्हण. ते जागेला हो म्हणेपर्यंत उठू नकोस. वर दोनदा लिहिलेलं ‘येऊ नकोस’ आपल्या घरच्या रीतीनं वाच. ये.

ता. क. ३. हे वाचून तू आधी नकोच म्हणशील, मला ठाऊक आहे. तू उत्तर पाठवशील, मी पुन्हा लिहीन, तोवर शुक्रवार उलटेल. म्हणून दुसरं पत्र आजच लिहून याच पाकिटात घडी करून ठेवलंय. त्यावर २ लिहिलंय. एकदा विचारून निघून जाणारे लोक आपल्याला दोघींनाही पुरे झाले. तिसऱ्यांदा विचारायला बाबा बुधवारी संध्याकाळी तुझ्या दारात येतील. ते नको म्हणायला गेले तरी त्यांना जेवू घाल, आणि गुरुवारच्या पहिल्या गाडीनं दोघं निघा. दुसरं पत्र मात्र नको म्हणून झाल्यावरच उघड. मोठ्यानं म्हणायची गरज नाही.