कोऱ्या दाखल्यावरची सही

मंगळवार, चौदा तारीख
दुपार, गोदामातून

ताई,

तुझ्या बारक्याचा वाकून नमस्कार. तू म्हणशील, फोन हाताशी असताना ह्याला पत्राचं खूळ कुठून सुचलं. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि मी सांगायचं ते सोडून भलतंच बोलत बसतो. लहानपणापासूनचं आहे हे. इकडे आईचा गुडघा तसाच आहे. माझ्याकडून तेल चोळून घेते आणि वर मलाच ओरडते. माझ्या धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे ती सध्या शिट्या वाजवत बोलते.

गोदाम बंदच आहे. मसुराची सहाशे पोती छताला टेकलीत आणि चाळणीचं यंत्र तीन आठवडे गप्प आहे. निवडायला येणाऱ्या बायका सकाळी येतात, दारात टेकतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि घरी जातात. मुकादम रोज विचारतो, "शेठ, पुढची बोट कधी?" मी म्हणतो, "कळवतो." काय कळवणार, कपाळ?

तू नेहमी हसायचीस, मसूर विकायला एवढे कागद कशाला म्हणून. अगं, माल समुद्रावर असतो तेव्हा तो धड आपला नसतो, धड गिऱ्हाइकाचा नसतो. मध्येच दर पडला की गिऱ्हाईक खोड काढायला टपलेलं असतं. ओल जरा जास्त, खडा सापडला, काहीही चालतं. गेल्या वर्षी बोट चुकली, करारातली तारीख एका दिवसाने टळली आणि तेवढ्यावरून दोन कंटेनर त्याने नाकारले. तेव्हापासून मी शहाणा झालो. मालाचा विमा, बँकेची हमी, दर आधीच बांधून घेतलेला, प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना कपाटात. तारीख पुन्हा चुकवायची नाही, एवढंच डोक्यात बसलं होतं.

आणि ह्या खेपेला बोट चार दिवस आधीच लागली.

कंटेनरमध्ये कीड मारायच्या विषारी गोळ्यांच्या पुड्या ठेवून तिसराच दिवस होता. हे औषध मारायचा परवाना भावोजींचा, त्यांचा नियम तुलाही पाठ असेल. पाच दिवस दार बंद. सहाव्या दिवशी ते स्वतः येणार, दार उघडणार, पुड्या काढणार, वारा खेळू देणार, आतला विषारी वायू यंत्राने मोजणार आणि मगच माल सुरक्षित असल्याचा दाखला.

मध्ये उठून पोत्यांभोवती दोन फेऱ्या मारून आलो. आता लिहितो.

रविवारी तुझा फोन आला. तू रडत होतीस. "यांच्या हलगर्जीपणामुळे तुझा धंदा बसला रे. तुला तोंड दाखवायची लाज वाटते मला." मी काय म्हणालो, आठवतं? "जाऊ दे ताई, माणूस आहे, चुकतो." मोठ्या मनाने म्हणालो!

भावोजी चुकले नाहीत, ताई. त्या दिवशी ते इथे नव्हतेच, दुसऱ्या गावी कामावर होते. त्यांच्या सहीचे कोरे दाखले माझ्या टेबलाच्या खणात असायचे, दहा-दहाचा गठ्ठा. कंटेनरपाशी वायू मोजला की ते तिथूनच फोनवर आकडा सांगायचे, मी भरायचो आणि गाडी सुटायची. नऊ वर्षं असंच चाललं, कारण मी त्यांच्या बायकोचा भाऊ. त्या दिवशी दोनदा फोन केला, लागला नाही. तिसऱ्यांदा केला नाही. वायूच्या रकान्यात मीच शून्य लिहिलं. कंटेनरच्या दारावर धोक्याचा लाल कागद होता, तो नखाने खरवडून काढला, कारण तो दिसला असता तर बंदराच्या फाटकावर गाडी अडली असती.

तिकडे, माल उतरला त्या परदेशी बंदरात, दार दोन हमालांनी उघडलं. एक उंबऱ्यावरच कोसळला, तो वाचला. दुसरा आत शिरला होता. मी तुला "जरा अपघात झाला" एवढंच सांगितलं होतं. तो माणूस मेला, ताई. चौतीस वर्षांचा होता. माझ्यामुळे मेला. तिकडच्या एजंटाने नाव कळवलंय, पण ते मला इथे लिहवत नाही.

भावोजी आले, दाखल्याची प्रत पाहिली, माझं अक्षर ओळखलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "कोऱ्यावर सही करणारा मीच ना? मग दोघांनी कशाला बुडायचं? तुझ्यावर चाळीस घरं अवलंबून आहेत." मी नको म्हणायला हवं होतं. त्यांचा हात धरून रडलो आणि गप्प बसलो. घरी येऊन जेवलोसुद्धा.

परवा, गुरुवारी अकराला त्यांची चौकशी आहे. "आकडा मीच फोनवर सांगितला होता," असं ते लिहून देणार आहेत. परवाना तर जाईलच, वर तुरुंग. आणि आई सांगत होती, तू त्यांच्याशी बोलत नाहीस, ताट वाढून खोलीत निघून जातेस. माझ्यासाठी! असल्या भावासाठी तू त्या माणसाशी अबोला धरलास.

तीनदा त्या चौकशीच्या कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा शिपायाने "काय काम आहे?" म्हणून विचारलं, तर मी त्याला झेरॉक्सचं दुकान कुठे आहे ते विचारून परत आलो. गुरुवारी जाईन अशी शपथ घेऊ शकतो, पण मी जाणार नाही, ते मला माहीत आहे.

म्हणून सोबत त्या दाखल्याची कार्बन प्रत जोडली आहे. मुकादम पाकीट तुझ्याच हातात देईल. भावोजींना दाखवू नकोस, ते फाडून टाकतील. प्रत आणि हे पत्र अकराच्या आत चौकशी अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेव. भावाला आत पाठवायचं काम बहिणीवरच टाकतोय, हे कळतंय मला. देऊ नकोस, असं आत्तासुद्धा लिहावंसं वाटतंय. ते लिहून होण्याआधी पाकीट चिकटवतो.

तू अजून म्हणत असलीस तर तुझाच,
बारक्या