वरातीच्या पहिल्या गाडीतले निळे दिवे

इर्बिद, मंगळवार, दुपार

प्रिय मैसून,

तुला, तुझ्या यजमानांना आणि घरातल्या सगळ्यांना सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? सल्तच्या त्या पायऱ्या चढताना कठड्याला धरतेस की अजून सोळा वर्षांची असल्यासारखी धावतेस? यजमानांच्या खोकल्यासाठी सुंठ पाठवली आहे, ती चहात नुसती टाकायची नाही, उकळायची. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक आहोत. फव्वाजची साखर आटोक्यात आहे (मी घरात असते तेव्हा). पत्र आमच्या शेजारणीबरोबर पाठवते आहे. पाकिटाला तीन ठिकाणी चिकटपट्टी लावली आहे. दोनच दिसल्या तर तिला काही बोलू नकोस, मला कळव.

फोनवर तू विचारलंस, सुफ्यानच्या वरातीत झालं तरी काय, आणि मी म्हटलं, सगळं व्यवस्थित झालं. ते खरंच आहे. पण माझी नणंद हियाम, म्हणजे नवरदेवाची आई, तुझ्याशी तासभर बोलली असं कळलं. तिच्या तोंडून काय काय निघालं असेल कोण जाणे, तेव्हा खरी हकीकत माझ्या हातची तुझ्याकडे असावी. शिवाय फोनवर तू मधेमधे हसतेस.

तुला माहीतच आहे, माझ्या सासरी नवरी आणायला निघालेल्या वरातीत पहिली गाडी माझी असते. तीस वर्षांत अकरा नवऱ्या मी या घरात आणल्या. सुरुवातीला कारण साधं होतं. गाडी चालवणारी बाई घरात मी एकटी, आणि पुढे बाई बसली असली की नवरीला वाटभर डोक्यावरून झगा ओढून बसावं लागत नाही. पुढे ती रीतच झाली. एकही नवरी मी उशिरा पोचवली नाही, एकीच्याही पोशाखाला ग्रीस लागलं नाही. मला मुलगी नाही हे तू जाणतेसच, त्याबद्दल मी कधी बोलत नाही, आताही बोलत नाही. फक्त एवढंच म्हणते, की त्या अकराजणी घराचा उंबरठा ओलांडायच्या आधी तासभर माझ्या होत्या.

आता रुवैदा. ही माझी धाकटी जाऊ, पण त्याआधी माझी विद्यार्थिनी. दहावीला विजेच्या प्रकरणात तिला शंभरात अकरा मिळाले होते, ते अकराही मी हस्ताक्षराचे दिले. पुढे तिने माझ्या दिराशी लग्न केलं आणि आजतागायत मला घरात सगळ्यांसमोर ‘मिस’ म्हणते, त्यामुळे मला काही बोलताही येत नाही. तिच्या जावयाचं झर्काला गाड्या सजवायचं दुकान आहे. त्याने तिच्या गाडीचं स्पीडचं मीटर उघडून आत एलईडी दिवे बसवून दिले. गेल्या महिन्यात हियामला आणि मला ती बाजारातून घरी सोडत होती. अंधारून आलं, तिने बटण दाबलं आणि काट्यांमागून सगळीकडे निळा उजेड पसरला. तिच्या अंगठ्या निळ्या, हनुवटी निळी. हियाम म्हणाली, “अगं बाई, काय सुरेख. सुफ्यानच्या नवरीला याच गाडीतून आणू या का?”

रुवैदा म्हणाली, “नको हो, पहिली गाडी मिसची.” आणि हे ती इतक्या गोड आवाजात म्हणाली, की मला पुढचे तीन दिवस झोप आली नाही.

मत्सर वाटला असं समजू नकोस. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. जिला विजेचा प्रवाह कुठून कुठे जातो हे माहीत नाही तिच्या गाडीत निळा उजेड, आणि माझ्या गाडीत चुलीवरच्या कंदिलासारखा पिवळा, हे केवळ शास्त्राच्या दृष्टीने मला योग्य वाटलं नाही. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दिवे आणले आणि फव्वाजला सांगितलं की जेवणाचं टेबल दोन दिवस मिळणार नाही. त्याने विचारलं, “मेकॅनिककडे का देत नाहीस?” रुवैदाने जावयाकडून करून घेतलं होतं. मी स्वतःच्या हाताने करणार होते. एवढं साधं त्याला कळायला हवं होतं.

मीटरचा डबा बाहेर काढणं सोपं असतं, चार स्क्रू आणि थोडा संयम. जुने बल्ब काढून नवे दिवे बसवले, बॅटरीला जोडून पाहिलं. अकरापैकी पाच पेटले. फव्वाज म्हणाला, दुकानदाराने फसवलं, परत कर. मी कोट घालून दारापर्यंत गेले होते, तेव्हा आठवलं, की एलईडीतून प्रवाह एकाच दिशेने जातो, उलटा बसला तर पेटत नाही. हे वाक्य मी एकतीस वर्षं दर वर्षी फळ्यावर लिहिलं आहे. कोट काढला, सहाही दिवे अर्ध्या वळणाने फिरवले, पेटले. वर्तमानपत्राआड फव्वाजचे खांदे हलत होते.

उजेड मात्र निळा पडेना, हिरवा पडला, इस्पितळातल्या पडद्यासारखा. म्हणजे आकड्यांच्या तबकडीच्या मागच्या बाजूला हिरवा रंग असतो, तो खरवडावा लागतो, आणि त्यासाठी तबकडी सोडवावी लागते, आणि त्यासाठी काटे उपटावे लागतात. काटे मी मामूल बिस्किटांचं सारण भरायच्या दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी उचलून काढले, अगदी अलगद. रंग नखांचं पॉलिश पुसायच्या द्रवाने काढला (तो विकत घेताना दुकानातली मुलगी माझ्याकडे पाहून हसली, या वयात मिस, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. तीही माझीच विद्यार्थिनी). रंग छान निघाला. साठातला सहासुद्धा निघाला. त्यामुळे आता माझ्या गाडीत चाळीसनंतर शून्य येतं आणि मग ऐंशी.

पण खरी चूक ही नव्हे. मैसून, प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिलं वाक्य सांगत असे, की उपकरणाला हात लावण्याआधी काटा कुठे टेकला आहे त्याची नोंद करा. ज्यांनी नोंद केली नाही त्यांना मी बाहेर उभं केलं आहे. आणि मी चमच्यांनी काटा उपटला तो नोंद न करता. परत बसवला तर उभ्या गाडीचा वेग तीस दिसू लागला. पुन्हा उपटला असता तर टोक मोडलं असतं, म्हणून ठेवला तसाच. मनातल्या मनात तीस वजा करायचे, एवढंच. शिकलेल्या माणसाला ते जड नाही.

जुम्याला दुपारी वरात निघाली, बरोबर चोवीस गाड्या. पहिली माझी, दुसरी रुवैदाची. अजलूनच्या चढावर मी पुढचे दिवे लावले, कारण ते लावल्याशिवाय मीटरमधले लागत नाहीत. ऊन चांगलं होतं, निळा उजेड दिसेना, म्हणून मागच्या खिडक्यांना पडदे लावले (नवरीच्या सोयीसाठी, असं मी सांगितलं). चारी बाजूंचे पिवळे दिवे उघडझाप करत होते, भोंगा रीतीप्रमाणे वाजत होता. फव्वाज शेजारी बसून ओरडत होता, “नव्वद झाले, इन्साफ, नव्वद.”

“तीस वजा कर.”

“का म्हणून?”

“वजा कर म्हटलं ना.”

नवरीच्या दारात कॉफी, गाणी, तिच्या मामाचं भाषण यात पाऊण तास गेला. ते उघडझाप करणारे दिवे मी चालूच ठेवले होते, सणासारखं वाटत होतं. निघताना गाडी कण्हली, पण सुरू झाली. मागे सुफ्यान आणि त्याची नवरी दीमा. मुलगी गोड आहे, फोटोतल्यापेक्षा बारीक. मी आरशातून पाहत होते, ती पुढे वाकून काट्यांकडे कधी बघते याची वाट. ती आपल्या फोनमध्ये बघत होती.

अर्ध्या उतारावर, ऑलिव्हच्या बागा लागतात तिथे, निळा उजेड बारीक झाला. मग भोंगा रडका झाला. मग काटे एकेक करून झोपले (तीसवर), आणि गाडी रस्त्याच्या कडेला आपणहून थांबली. माझ्या आयुष्यात इतकी शांतता मी ऐकली नव्हती. मागे तेवीस गाड्या.

आणि मग दारं उघडल्याचे आवाज आले. तुला माहीत आहे ना, पहिली गाडी वाटेत थांबली की लोकांना वाटतं, नाचायला थांबली. कुणीतरी ढोल काढला, तरुण मुलांनी हात धरून दब्क्याची रांग केली, सुफ्यानला ओढून खांद्यावर घेतलं. हियाम रस्त्याच्या मधोमध तोंडाने झगारीतच्या आनंदी किलकाऱ्या काढू लागली. फव्वाज हळूच म्हणाला, “गाडी बंद पडली ना?” मी समोर बघत म्हटलं, “नाच तू.” तोही गेला. मी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून ताठ बसले, मुद्दाम थांबवली आहे अशा चेहऱ्याने. मनात एकच होतं. बारावी नवरी आता त्या मागच्या गाडीत जाऊन बसणार, आणि यापुढे प्रत्येक नवरी तिथेच बसणार.

खिडकीत रुवैदा आली. तिने माझ्याकडे पाहिलं, विझलेल्या मीटरकडे पाहिलं.

“मिस, बॅटरीचा तो तांबडा दिवासुद्धा बदललात का?”

“सगळे बदलले.”

“तो बदलायचा नसतो हो. माझ्या जावयाने तेवढा जुनाच ठेवला. त्या बल्बमधून जरासा करंट गेला तरच बॅटरी भरणारा अल्टरनेटर जागा होतो. एलईडीतून तेवढा जात नाही.”

मैसून, शंभरात अकरा. आणि ती बरोबर होती. म्हणजे गाडी पूर्ण वाटभर बॅटरीतलं खात होती, भरत काहीच नव्हती, आणि ते सांगण्यासाठी जो दिवा असतो तोच मी मारून ठेवला होता. दिवसभर तो लागला नाही म्हणून मी खूश होते.

मला वाटलं आता ती वळून सांगेल. ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, “मिसनी जागा बघूनच गाडी थांबवली आहे, इथे सावली आहे, नाचा आता पोटभर.” मग तिने आपली गाडी फिरवून माझ्या गाडीसमोर नाकाला नाक लावून उभी केली, दोन्ही गाड्यांची बॉनेटं उघडली आणि बॅटऱ्यांना जाड वायरी जोडल्या. लोकांना वाटलं फोटोसाठी काहीतरी चाललं आहे. फोटोवाल्याने फोटोही काढला. गाडी सुरू झाल्यावर ती मला म्हणाली, “आता पाय दाबून धरा, मिस, चांगली गरजू द्या, मग अल्टरनेटर आपोआप उठतो.” का उठतो हे मला माहीत आहे, आतल्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं. मी तिला सांगितलं नाही. पाय दाबून धरला. उठला.

नवरी गाडीतच होती. मी मीटरचे दिवे पुन्हा लावणार इतक्यात ती म्हणाली, “खाला, ते राहू द्या ना. मघापासून डोळ्यांवर येत होते.”

मन्सफचं मटण थंड व्हायच्या आत आम्ही घरी पोचलो, पहिली गाडी पहिलीच. म्हणून म्हणते, सगळं व्यवस्थित झालं. हियामने वेगळं काही सांगितलं असेल तर ती त्या वेळी नाचत होती हे लक्षात ठेव. एलईडीचं वेड माझ्यापुरतं संपलं आहे, या वयात असल्या पोरखेळात मला रस नाही. सगळ्यांना पुन्हा सलाम, आणि जिन्यात कठडा धर.

तुझी बहीण,
इन्साफ

ता. क. तुझ्या वाएलचं लग्न ईदनंतर आहे आणि नवरी आणायला तू रुवैदाची गाडी मागितलीस, असं हियाम म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. तू माझी सख्खी बहीण आहेस, ती तुझी कोण? वाएलला सायकल मी शिकवली, गाडी मी शिकवली. त्याची नवरी माझ्या गाडीतून येईल. या पत्राचं कारण एवढंच होतं, वरचं सगळं तू वाचलं नाहीस तरी चालेल.

दुसरा ता. क. नवरीचा पोशाख कोणत्या रंगाच्या कडांचा आहे ते कळव. जांभळे दिवेही मिळतात, आणि ते डोळ्यांवर येत नाहीत असं दुकानदार सांगतो. तांबड्या दिव्याच्या जागी जुना बल्ब बसवला आहे. माझे मी फेकून दिले होते, हा रुवैदाने काडेपेटीत घालून आणून दिला. हे कुणाला सांगू नकोस.

तिसरा ता. क. रुवैदाला लग्नाचं आमंत्रण मात्र अवश्य कर, आणि तिची गाडी माझ्या लगेच मागे ठेव, मधे कुणी नको. त्या जाड वायरी तिच्याकडे असतात.